फोन येण्याआधीची तयारी

फसवणुकीचा फोन आला की आपल्याला लगेच कळेल, या भरवशावर राहू नका. अडखळणारी भाषा आणि लॉटरीची थाप एवढ्यावर भागायचे दिवस गेले. आज फोन करणाऱ्याला तुमचं पूर्ण नाव, पत्ता, कधीकधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही ठाऊक असतात. कुठल्या तरी कंपनीतून फुटलेली ही माहिती असते आणि ती त्याच्याकडे आहे म्हणून तो खरा ठरत नाही. शिवाय तो तुम्हाला विचार करायला सवडच देत नाही. म्हणून जे ठरवायचं ते शांत डोक्याने, आजच ठरवून ठेवा.

पहिलं काम कागदाचं. बँक, कार्ड, मोबाइल कंपनी आणि पोलीस यांचे नंबर एका कागदावर लिहा. ते कार्डाच्या मागून, पासबुकातून किंवा बिलावरून घ्या. इंटरनेटवर शोधून वर येईल तो नंबर घेऊ नका, तिथे ठगांनी टाकलेले खोटे ग्राहकसेवा नंबरही असतात. कागद सगळ्यांना दिसेल असा लावा आणि एकच नियम करा: पैसे, पासवर्ड किंवा ओळखपत्राचा विषय निघाला की फोन ठेवायचा आणि कागदावरच्या नंबरावर आपण स्वतः लावायचा. मला विचाराल तर या यादीतलं एवढं एकच काम केलंत तरी बरंचसं संकट टळतं. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसतं ना, असं म्हणू नका. तिथे काय दिसावं ते फोन करणाऱ्याला बदलता येतं, कारण टेलिफोनची जाळी उभी राहिली तेव्हा एका कंपनीने पाठवलेल्या नंबरावर दुसरीने विश्वास ठेवायचा, अशीच रीत होती. लँडलाइन असेल तर उलटा फोन दुसऱ्या फोनवरून करा. समोरच्याने रिसीव्हर ठेवलाच नाही तर काही ठिकाणी लाइन थोडा वेळ चालू राहते आणि तुम्ही पुन्हा त्याच्याशीच बोलत बसता.

दुसरं काम घरच्यांबरोबर बसून करायचं. आवाजावरून माणूस ओळखण्याचे दिवस राहिले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना फोन गेले. आवाज तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा वाटत होता आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मत देऊ नका असं सांगत होता. तो संगणकाने बनवलेला होता. तुमच्या मुलाचा किंवा भाचीचा आवाज तयार करायलाही एखाद्या व्हिडिओतलं थोडंसं बोलणं पुरतं. तेव्हा घरात एक परवलीचा शब्द ठरवा. पाळीव प्राण्याचं नाव किंवा जन्मगाव नको, समाजमाध्यमांवर कधीच न आलेला शब्द घ्या. तो कुणाला मेसेज करू नका, तोंडीच सांगा. “मला अपघात झालाय, कुणाला सांगू नका, पैसे पाठवा” असा रडवेला फोन आला तर तो शब्द विचारायचा. घाबरलेल्या माणसाला शब्द आठवला नाही तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरावर लावायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावताना त्यांच्या समजुतीवर शंका घेऊ नका. फसणारे मूर्ख नसतात, काळजी करणारे असतात.

आता फोनची तयारी. सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीचे पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधूनच जाते. जमेल तिथे लॉगिनच्या कोडसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे कोड तुमच्या फोनमध्येच तयार करणारं ॲप, वापरा. तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं गेलं तर एसएमएस ते काढणाऱ्या ठगाकडे जातात. नेटवर्क अकारण गायब होऊन परत आलंच नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला गाठा. फोनवर कुणी सांगतोय म्हणून *२१* ने सुरू होणारा आकडा कधीही दाबू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळतात. वळवलेत का ते *#२१# ने बहुतेक नेटवर्कवर कळतं आणि ##००२# ने सगळी वळणं रद्द होतात. एनीडेस्क, टीमव्यूअर यांसारखी ॲप स्वतः खोटी नाहीत, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती उघडली की तुमची स्क्रीन, त्यावर येणाऱ्या ओटीपीसकट, त्याच्यासमोर असते. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. रक्कम आणि कारण बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं, आणि “पैसे परत मिळवण्यासाठी” म्हणून मागितलेला ओटीपी पैसे जाण्याचा असतो.

बँकेत रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. थोडी गैरसोय होते, पण चूक झाली तरी सगळं जात नाही.

कागदाच्या तळाशी फोन ठेवायची कारणं मोठ्या अक्षरात लिहा: घाई, गुप्तता, “फोन ठेवू नका”, “सुरक्षित खात्यात पैसे हलवा”, गिफ्ट कार्डाचे आकडे. खऱ्या तपास अधिकाऱ्याला तुम्ही घरच्यांशी बोललात म्हणून राग येत नाही आणि खरी बँक पैसे हलवायला सांगत नाही.

इतकं करूनही पैसे गेले, तर पहिला फोन बँकेला, लगेच. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कधीकधी अडवता येते. मग पोलिसांत तक्रार. मेसेज आणि कॉलची नोंद पुसू नका. आणि काही दिवसांनी “तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा” असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे त्याला तुमच्या नुकसानीची रक्कमही माहीत असू शकते. तोही ठेवून द्या आणि त्याचा नंबर तक्रारीत जोडा.