‘बॉर्डरलाइन आहे’ म्हणून फाइल मिटू नका: तिशीतल्या पुरुषांच्या नेहमीच्या चुका

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करणारे तिशीतले पुरुष कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांत बहुधा एकही आकडा घाबरवणारा नसतो. उपाशीपोटी साखर १०६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १३२/८६. प्रत्येक आकडा सुटा वाचून ‘जरासाच वाढलाय’ असे म्हणणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मेटाबॉलिक सिंड्रोमचे, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या एकत्रित बिघाडांचे, निदान पाच गोष्टी एकत्र पाहून होते: कंबर ९० सेंटिमीटर किंवा अधिक (दक्षिण आशियाई पुरुषांसाठीची मर्यादा), ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. यांपैकी कोणत्याही तीन पुरतात. वरच्या रिपोर्टात कंबर मोजण्याआधीच चार भरल्या.

कंबर विचारली की उत्तर येते, ‘३४ नंबरची पँट लागते.’ पण पट्टा पोटाखाली बांधलेला असतो, त्यामुळे पँटचा नंबर पोटाविषयी काहीच सांगत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सहज सोडल्यावर मोजले की तोच माणूस ९८ सेंटिमीटर भरतो. हातपाय सडपातळ असल्याने घरचे त्याला बारीकच समजत असतात. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची ही चरबी इन्सुलिनला दाद देत नाही, यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते आणि एचडीएल घटते. म्हणजे वरचे चारही आकडे बहुतांशी एकाच मुळाचे फाटे आहेत.

‘पण एलडीएल तर ११०च आहे,’ हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलविषयीचे समाधानही फसवे असते. या विकारात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे आकडा बेताचा दिसूनही धमनीच्या भिंतीत शिरणारे कण पुष्कळ असू शकतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा डॉक्टरांना जरूर दाखवावा. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, बहुतांशी आनुवंशिक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी.

ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होणारे तर फार भेटतात. स्ट्रेस टेस्ट बहुधा तेव्हाच काही दाखवते, जेव्हा धमनी बरीच अरुंद झालेली असते. हृदयविकाराचा झटका मात्र अनेकदा फारशा अरुंद न झालेल्या जागी साठलेला चरबीचा मऊ थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी झाल्याने येतो. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ होते आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या हृदयधमन्यांत असा थर साठण्याचा आजार दिसला होता.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबावे.

रिपोर्ट पाहून धसका घेतलेला माणूस जिम लावतो आणि महिन्याभरात सोडतो. त्यापेक्षा आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे टिकते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एवढा व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवणे हे उद्दिष्ट ठेवलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते. ८० किलोच्या माणसासाठी हे साडेपाच किलो होतात. रात्रपाळीत दर चहाबरोबर येणारी बिस्किटे आणि फरसाण थांबवले, तर सुरुवात तिथूनच होते.

आणि छातीवर दडपण येऊन ते जबड्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून अँटासिड घेऊन वाट पाहू नये, स्वतः गाडी चालवत निघू नये. १०८ ला फोन करावा, वय बत्तीस असले तरीही.