आजीची नथ उजवीकडे गेली त्याची गोष्ट

माझा पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा काकांनी मस्कतहून आणलेला. सगळा यांत्रिक, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यासाठी. तो काटा बंद करायचं बटणच कॅमेऱ्याला नाही. लेन्सला टोपण लावायचं, आत अंधार झाला की काटा गप्प बसतो. टोपण विसरलात की सेल उतरलाच.

रोल भरून झाकण लावलं की डावीकडची रिवाइंडची कडी हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. मग लिव्हर ओढताना त्या कडीवर नजर ठेवा. तीही फिरली पाहिजे. नाही फिरली तर फिल्म पलीकडे अडकलेलीच नाही. मावसबहिणीच्या साखरपुड्यात मी हे बघितलं नाही. ३६ फोटो झाले तरी लिव्हर आपला मजेत सरकतोय! रोल होता तसा डबीत. मावशी अजून विचारते, "काय गं, फोटो धुऊन आले का?"

आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा. २०० आयएसओचा रंगीत रोल मी १०० धरूनच वापरते. निगेटिव्हला जास्तीचा प्रकाश पचतो. कमी पडला तर सावल्यांचा नुसता चिखल होतो. सेल दगा देईल तेव्हासाठी एवढं पाठ ठेवा: १०० ला कडक उन्हात एफ-१६ (लेन्सचं भोक) आणि १/१२५ सेकंद (शटरचा वेग). मंडईत आत शिरलात की हे गणित संपलं, तिथे ४०० चाच रोल हवा.

शिल्लक रोल फ्रिजमध्ये. माझे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात, त्यामुळे घरात दर पाडव्याला कुणाचा तरी हिरमोड होतो. बाहेर काढल्यावर तास-दीड तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

आता स्कॅनिंग. रोल मी बाहेर धुवायला टाकते, स्कॅन मात्र घरीच करते, डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने. खाली एलईडी पॅनल, त्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंच निगेटिव्हची चौकट. थेट पॅनलवर ठेवलंत तर एलईडीचे ठिपके फोटोत उमटतात. स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून. तो सरळ आहे का हे पट्टीने मोजत बसू नका. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि स्क्रीनवर बघा: लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की काम झालं. माझा आरसा जुन्या पावडरच्या डबीतला आहे. एफ-८, सर्वांत कमी आयएसओ, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), खोलीतले दिवे बंद.

खरा वैरी धूळ. पंखा बंद करा, ब्लोअरने दोन्ही बाजू फुंका. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण उडतात. मी तर आंघोळ झाल्यावर बाथरूममध्येच पट्ट्या झटकते. वाफेने धूळ खाली बसलेली असते.

निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजू लेन्सकडे ठेवलीत तर फोटो उलटा येतो, आरशातल्यासारखा. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं डावं-उजवं पालटायला मी एकदा विसरले. बाबांच्या जुन्या निगेटिव्हमधला आजीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून भिंतीवर लावला. आत्या आली, चहाचा कप हातात घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "आईची नथ उजवीकडे कशी गं?" तेव्हापासून फिल्मच्या कडेला छापलेली अक्षरं सरळ वाचता येतात का, ते आधी बघते. सरळ दिसली म्हणजे चकचकीत बाजू तुमच्याकडे.

रंगीत निगेटिव्ह नारिंगी असतं, त्यामुळे नुसते रंग उलटे केले की सगळं निळंशार. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात निगाडॉक्टर नावाचा भाग मिळेल. दोन फोटोंमधली कोरी नारिंगी पट्टी त्याला आधी दाखवा, मग बाकीचं. म्हणून पट्टीच्या कडेचा थोडा भाग स्कॅनमध्ये येऊ द्या. रोलच्या पहिल्या फोटोवर बसलेले रंग पुढच्या फोटोंना लावा. प्रत्येक फोटोचे वेगळे करत बसलात तर एकाच दुपारचं ऊन छत्तीस तऱ्हांचं दिसेल.