एएमईचं मॉड्यूल राहिलं? मग आता ही तयारी

एएमईच्या, म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनिअर लायसनच्या, एखाद्या मॉड्यूलचा (पेपरचा) रिझल्ट पास व्हायच्या ७५ टक्क्यांच्या खाली आलाय ना, मग आज पुस्तक उघडूच नको. आधी एक वही घे आणि पेपरातले जेवढे अडलेले प्रश्न आठवतायत तेवढे लिहून काढ, आणि प्रत्येकापुढं लिही की येतच नव्हतं, का दोन पर्यायांत अडकलो, का वेळ संपली. हे न करता बरीच पोरं पहिल्या पानापासून परत वाचायला बसतात, आणि मग येतंय तेच तिसऱ्यांदा वाचून होतं.

वेळ संपली असेल तर अजून वाचून काही होणार नाही. एका प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद धरलेत, म्हणजे २० प्रश्नांना २५ मिनिटं, तर घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पेपर सोडव. पर्याय तीनच असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं रिकामा प्रश्न सोडून उठायचं नाही.

दोन पर्यायांत अडकणारे मात्र बहुतेक क्वेश्चन बँक पाठ करणारे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधली उत्तरं कुणी टिक केलीत देवालाच माहीत, आणि आकडा बदलला की पाठांतर संपलंच. मॉड्यूल ७ (देखभालीची कामं) मधला टॉर्क रेंचचाच, म्हणजे ठरावीक जोरानं बोल्ट आवळायच्या पान्याचाच प्रश्न घे, रेंच १० इंच, पुढं सरळ ५ इंचाचं एक्स्टेंशन, बोल्टला ३०० इंच-पाउंड पाहिजे तर रेंचवर २०० लावायचं. का, तर एकूण लांबी १५ झाली, ३०० ला १० नं गुण आणि १५ नं भाग. हे कागदावर आकृती काढून एकदा स्वतः केलंस की कुठलेही आकडे देऊ देत.

येतच नव्हतं त्यासाठी कार-६६ चा, म्हणजे डीजीसीएच्या (देशातल्या विमान वाहतूक नियामकाच्या) लायसन नियमांचा सिलॅबस काढ, टॉपिक किती खोल यायला पाहिजे याची समोर १, २, ३ अशी लेव्हल असते, त्यातल्या ३ वाल्यांना आधी हात घाल. मॉड्यूल १० (विमान वाहतुकीचे कायदे-नियम) राहिलं असेल तर सिनियरच्या जुन्या नोट्स बाजूला ठेव, नियम बदलत राहतात, डीजीसीएच्या साइटवरनं ताजी कॉपी घे.

घरी पण सांगून टाक, लपवू नको. साताऱ्यात पोरगं विमानाचं शिकतंय म्हटल्यावर गल्लीत चौकशा होणारच, तर आईला एवढं समजावून ठेव की इंजिनिअरिंगच्या केटीसारखं आहे, पास झालेली मॉड्यूल परत द्यायची नाहीत, राहिलेलंच द्यायचं. हँगरला काम चालू असेल तर ते सोडून घरी बसू नको, लॉगबुकात कामं लिहून वेळच्या वेळी सही घे, लायसनला तो अनुभव लागणारच आहे.

पुढच्या सेशनची नोटीस डीजीसीएच्या साइटवर बघत राहा, फॉर्म शेवटच्या दिवसावर ढकलू नको. आणि सेंटर मुंबईला आलं तर आदल्या दिवशीच जा, खंबाटकीत गाड्या तुंबल्या की ड्रायव्हरला बोलून उपयोग नसतो.