मेंदीचा कोन आणि दोन मीटरची नळी

पुण्यात पॉलिमरमध्ये एम.टेक. करताना माझ्या वाट्याला विषय आला तो दुर्बिणीतून (एंडोस्कोपमधून) टोचायच्या जेलचा. मोठ्या आतड्यातला चपटा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची वाढ, कापण्याआधी डॉक्टर त्याच्याखाली, सबम्यूकोसात (अस्तर आणि स्नायू यांमधल्या थरात), द्रव टोचतात. द्रवाच्या या गादीने पॉलिप उचलला जातो आणि खालच्या स्नायूला भोक पडण्याचा धोका कमी होतो. साधं सलाईनही चालतं, पण ते काही मिनिटांत जिरतं आणि पुन्हा टोचावं लागतं. म्हणून ०.४ टक्के सोडियम हायलुरोनेटसारखे दाट द्रव वापरतात.

दाट म्हणजे किती, इथेच मी फसले. ऱ्हिओमीटर या दाटपणा मोजायच्या यंत्रावर शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते) सेकंदाला १०० पर्यंत नेऊन व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे दाटपणाचा, एक आकडा वहीत लिहिला आणि खूश झाले. पण २५ गेजच्या सुईचं भोक साधारण पाव मिलिमीटरचं. पाच सेकंदांत एक मिली ढकला, सुईच्या भिंतीशी शिअर रेट सेकंदाला लाखाच्या वर जातो. माझा आकडा तिथे काय कामाचा? मेंदीचा कोन आठवा. दाबला की सरसर धार, तळहातावर मात्र रेघ उभीच्या उभी. आपल्याला तेच हवंय. त्यामुळे एक आकडा विचारू नका, शिअर रेटनुसार व्हिस्कॉसिटी कशी बदलते त्याचा आलेख मागा. शिवाय २५ आणि ३७ अंश, म्हणजे खोलीच्या आणि शरीराच्या, दोन्ही तापमानांना मोजा.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. मी नुसती सुई सिरिंजला लावून दाब मोजत होते, छान येत होता. खरी सुई दोन मीटरहून लांब कॅथेटरच्या, म्हणजे दुर्बिणीतून आत जाणाऱ्या बारीक नळीच्या, टोकाला असते! नळी सुईपेक्षा रुंद, पण लांबीच इतकी की दाबाचा मोठा वाटा तीच खाते. कॅथेटर जोडल्यावर माझा अंगठा लाल झाला, जेल काही हललं नाही. साध्या द्रवाला लागणारा दाब लांबीच्या पटीत वाढतो आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हे बारावीपासून पाठ होतं म्हणा.

हायलुरोनेट ढवळताना हवा अडकते. बुडबुडे सेंट्रिफ्यूजमध्ये काढा, नाहीतर सिरिंजमध्ये तेच दबतात आणि दाबाचे आकडे वेडेवाकडे येतात.

गादी किती टिकते हे डुकराच्या जठरावर बघतात. टोचा, दर पाच मिनिटांनी उंची मोजा. ताजं जठर सकाळीच खाटकाकडून आणा आणि लॅबच्या फ्रिजवर ठसठशीत पाटी लावा: ‘आत जठर आहे, डबा नाही.’ आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी लागली.