मांजर विणार आहे? खोकं आधीच मांडा

गाभण मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65 असतात. शेवटचे दोन आठवडे राहिले की तिची जागा तयार करा. नाहीतर ती स्वतः शोधते, आणि तिची निवड बहुधा कपाटातल्या इस्त्रीच्या साड्यांवर पडते.

तिला आडवं होऊन पाय ताणता येतील एवढं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. एका बाजूला दार कापा, पण खाली चार-पाच इंचांचा उंबरा ठेवा, म्हणजे पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत. तळाला वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती साडीच्या घड्या. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोकं अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा, पंख्याच्या झोतापासून दूर. पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. त्या खोलीची फरशी फिनाईलने पुसू नका, मांजरांना ते विषारी ठरू शकतं. पाणी आणि खाणं जवळच असू द्या.

एवढं करूनही ती पलंगाखालीच व्याली, तर लगेच उचलाउचल नको. मात्र अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, तर पशुवैद्यांना फोन करा.