कॉर्डिसेप्स करायचंय? मग आधी कल्चर (बुरशीचं बियाणं) ओळखायला शिका

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, म्हणजे बरणीत तांदळावर वाढवायची केशरी बुरशी, सुरू करायचा विचार असेल तर एसीची खोली बांधायच्या आधी २० बरण्या लावून बघा, हे अगदी कळकळीने सांगतेय. हिमालयातली कीडाजडी वेगळी हं, ती ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, आपली तांदळावर येते ती तिची चुलत बहीण. गिऱ्हाईकाला हा फरक स्वच्छ सांगायचा, आणि अमका आजार बरा होतो असं तर अजिबात बोलायचं नाही.

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, त्यामुळे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र), लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचं टेबल) वगैरेची भीती नव्हती. बरणीत ३० ग्रॅम हातसडीचा तांदूळ, ४५ मिली ग्लुकोज-पेप्टोन-यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं पाणी (हे बुरशीचं खाद्य), १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह, गार झालं की लिक्विड कल्चर आणि मग आठवडाभर अंधार, सगळं नीट केलं. बुरशी पांढरीशुभ्र पसरली, मी खूश, लाइट लावले, १० दिवस गेले, १५ गेले तरी बरण्या पांढऱ्याच. मी कधी टेम्परेचर बघतेय (१८ ते २२ लागतं), कधी ह्युमिडिटी वाढवतेय, आणि दोष निघाला विकत आणलेल्या कल्चरमध्ये. या बुरशीचं असंच आहे, एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर परत परत घेत गेलं की ती थकते, वाढते जोरात पण फळ धरत नाही. उजेड दाखवल्यावर चार-पाच दिवसांत केशरी छटा आली नाही तर तिथेच संशय घ्या. आता मी नवीन कल्चर आधी पाच बरण्यांत फळवून बघते, चांगल्या फळाचा टिश्यू काढून मदर स्लँट (मूळ कल्चरची नळी) फ्रिजमध्ये ४ डिग्रीला ठेवते आणि तीनपेक्षा जास्त वेळा पुढे नेत नाही.

आता रेशमाच्या प्युपाबद्दल (कोषातला किडा), कारण आपल्या मराठवाड्यात रेशीम भरपूर आणि धागा काढल्यावर प्युपा उरतोच. पेप्टोनच्या जागी त्याची पावडर चालते, बुरशी मुळात किड्यावरच जगणारी ना. पण जास्त घातली तर नायट्रोजन वाढतो आणि नुसता जाड पांढरा थर येतो. मी बरणीला १ ग्रॅमपासून सुरू केलं. ओला प्युपा मात्र त्याच दिवशी वाळवायचा, संध्याकाळपर्यंत असा वास सुटतो की घरचे लोक खोलीत येत नाहीत, आणि तेलकट राहिला तर मिक्सरमध्ये पावडर न होता गोळा होतो, म्हणून कडकडीत वाळला की थोडा थोडाच दळा.