बॅकअपच्या वेळी सर्व्हर अडकतो? डिस्क आणि कर्नलच्या वेळा आधी जुळवा

बॅकअप सुरू झाला की तासाभरात लिनक्स सर्व्हर मुका होतो. पिंगला उत्तर येतं, लॉगिन मात्र होत नाही. अशा वेळी रॅम वाढवा, बॅकअपचं सॉफ्टवेअर बदला, असे सल्ले सर्रास मिळतात. त्यावर एक रुपयाही घालवू नका, आधी डिस्क तपासा. पूर्ण बॅकअप वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायलीही वाचतो, म्हणून खराब सेक्टरशी, म्हणजे डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या तुकड्यांशी, पहिली गाठ त्याचीच पडते.

बॅकअपचं वेळापत्रक लगेच बंद करा. तोच बॅकअप पुन्हा चालवून बघणं म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कला पळवणं.

मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहा. ‘आय/ओ एरर’ (वाचता-लिहिताना आलेली चूक) आणि पुढे डिस्कचं नाव व सेक्टरचा आकडा दिसला की चोर सापडला. सीपीयू रिकामा, लोड (ताटकळलेल्या कामांचा आकडा) मात्र 40 च्या वर, आणि बॅकअपची प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट बघत, हीसुद्धा त्याचीच खूण. त्या प्रोसेसवर किल -9, म्हणजे ती जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा, चालत नाही, कारण डिस्ककडून उत्तर येईपर्यंत ती कर्नलच्या आतच अडकलेली असते.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने 5 (बदललेले सेक्टर), 197 (वाचता न आल्याने अडून राहिलेले) आणि 198 (दुरुस्त न होणारे) या क्रमांकांच्या ओळी बघा. रिपोर्टमध्ये वर ‘पास्ड’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. 197 समोर शेवटच्या ‘रॉ व्हॅल्यू’ रकान्यात शून्य नसेल तर डिस्क बदलायचीच. फक्त 199 (केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदला. तो आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, नुसता वाढायचा थांबतो.

आता खरी मेख. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिट-दोन मिनिटं स्वतःच झटत राहते. लिनक्सचा कर्नल मात्र 30 सेकंदांत कंटाळतो आणि डिस्क रीसेट करायला घेतो. डिस्क तेव्हाही आपल्याच कामात असते, रीसेटलाही उत्तर देत नाही. पुढच्या सेक्टरला पुन्हा तेच. सर्व्हर अडकतो तो या ओढाताणीत. रेडमध्ये, म्हणजे एकमेकींना सांभाळणाऱ्या अनेक डिस्कच्या जुळणीत, तर एरवी चालणारी डिस्कसुद्धा याच कारणाने बाहेर फेकली जाते.

उपाय डिस्क कशी लावली आहे त्यावर ठरतो, आणि इथेच सगळे गोंधळतात. डिस्क रेडमध्ये असेल तर स्मार्टसीटीएलमधून ‘एससीटीईआरसी’, म्हणजे डिस्कने किती वेळ झटायचं ती मर्यादा, 70,70 (वाचताना, लिहिताना) करा. हे एकक दशांश सेकंदाचं, म्हणजे डिस्क 7 सेकंदांत हार मानेल आणि रेड दुसऱ्या डिस्कवरून तो भाग भरून काढेल. डिस्कला ही सोय नसेल, किंवा ती एकटीच असेल, तर उलट करा: सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जचं /sys फोल्डर) त्या डिस्कचा ‘टाइमआउट’ 30 वरून 180 सेकंद करा. एकट्या डिस्कला घाई लावू नका. दुसरी प्रत नसताना तिचं ते झटणंच तुमचा डेटा वाचवू शकतं. दोन्ही सेटिंग सर्व्हर बंद-चालू केला की सहसा पुसल्या जातात. म्हणून त्या यूडेव्हच्या (डिस्क जोडली की आपोआप सेटिंग लावणारी लिनक्सची सोय) नियमात लिहून ठेवा.

रेड नसेल तर डिस्क अनमाउंट करून, म्हणजे वापरातून काढून, डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम) नव्या डिस्कवर उतरवा. पहिली फेरी ‘-एन’ने (-n), म्हणजे चांगला भाग आधी हाती लागतो, मग उरलेल्या भागासाठी ‘-डी -आर3’ने (-d -r3) दुसरी. कुठला भाग उतरला याची नोंद ठेवणारी मॅप फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर ताडून पाहा. नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि त्यावर इलाज नाही.

एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्राम) फक्त प्रतीवर चालवा, मूळ डिस्कवर कधीच नाही. ते लिहितं, आणि न वाचता आलेला भाग हरवला असं समजून दुरुस्तीला लागतं.

न वाचलेल्या सेक्टरच्या जागी नव्या कोऱ्या डिस्कवर शून्यं असतात. फाइलचा आकार बरोबर दिसतो, मजकूर मात्र फाटलेला. फाइल सिस्टिम एक्स्ट4 असेल तर डीबगएफएस या प्रोग्रामच्या ‘आयचेक’ने ब्लॉकवरून आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) आणि ‘एनचेक’ने फाइलचं नाव काढा, आणि त्या फायली जुन्या बॅकअपमधून परत आणा. हे होईपर्यंत जुना बॅकअप पुसू नका, आणि नवा बॅकअप वेगळ्या जागी घ्या.